चौदा नंबरची पाटी

वर्षाताई,

तुझ्या गाडीच्या डिकीत जी पाटी सापडली, ती मी काढली होती. तुझ्या सांगण्यावरून काढली होती. हे मी तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. आता सांगून झालंय, म्हणून लिहू शकते आहे.

इथल्या मराठी मंडळाने त्यांच्या अंकासाठी तुझ्यावर अर्धं पान मागितलंय. हसतमुख स्वभाव, हॉस्पिटलमधली सेवा, या वयातही सायकल चालवण्याची जिद्द, असं काहीतरी यावं असं सेक्रेटरींनी फोनवर सुचवलंही. तू ते ऐकून मोठ्याने हसली असतीस आणि मग हळूच विचारलं असतंस, फोटो कुठला टाकतायत गं. मला अर्धं पान जमत नाही. मला तुझा राग आलाय. तू गेल्याचं कळलं तेव्हा आला नव्हता, क्रेमेटोरियममध्येही नव्हता. पुढच्या शनिवारी जंगलात सगळ्यांनी हेल्मेटं काढून एक मिनिट शांतता पाळली, त्या एका मिनिटात आला. तो अजून गेलेला नाही.

आपली ओळख लंडनजवळच्या स्लाऊच्या गणपतीत झाली. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, बाहेर आरतीची तयारी, आणि मी किचनमध्ये पातेली घासत उभी. कुणी सांगितलं नव्हतं. लोकांशी बोलायला लागू नये म्हणून घासत होते. तू आत आलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "इथे लपलीयेस होय? जागा चांगली शोधलीस." मग फडकं घेऊन पुसायला लागलीस. मी काय करते विचारलंस. सॉफ्टवेअर टेस्टिंग, मी म्हणाले. "म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढतेस. मग तू माझ्या कामाची आहेस."

पुढच्याच शनिवारी तू मला तुझ्या साउथहॅम्प्टनला येणाऱ्या ट्रेनमधून मधल्याच एका स्टेशनवर उतरवून घेतलंस आणि गाडीत घालून जंगलात नेलंस. माझ्याकडे सायकल नव्हती, बूट नव्हते, आणि नाही म्हणायची ताकद नव्हती. हे तेव्हा मला भाग्य वाटलं होतं.

ज्यांनी ते जंगल पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वाळूच्या टेकडीवर पाइनची झाडं, आणि त्यांच्यामधून माउंटन बाईकसाठी खणलेल्या अरुंद वाटा. पंधरावीस माणसं दर शनिवारी फावडी घेऊन यायची आणि त्या वाटा खणायची, बुजवायची, परत खणायची. जमिनीच्या मालकाने एका अटीवर परवानगी दिली होती: प्रत्येक वाटेच्या तोंडाशी खांब हवा, खांबावर नंबर, नाव, अवघडपणाचा रंग आणि दिशेचा बाण हवा, आणि या सगळ्याची नोंद हवी. ही नोंद कॉलिन ठेवायचा. निवृत्त भूगोल शिक्षक, सत्तरीचा, पावसातही शॉर्ट्स घालणारा. त्याचा एकच नियम होता. कुठलीही पाटी लावायची किंवा काढायची, तर वहीत दोन माणसांच्या सह्या हव्यात. एकट्याने कुणी पाटीला हात लावायचा नाही.

माझं अक्षर बघून त्याने दुसऱ्या महिन्यात ती वही आणि नकाशा माझ्याकडे दिला. मला किती आनंद झाला होता, ते मी तुलाही सांगितलं नाही. पुण्यात मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि मत मांडायची सवय कुठल्याच भाषेत नाही. वहीत मत मांडावं लागत नाही. काय आहे आणि काय नाही, एवढंच लिहायचं असतं.

जो वाट खणेल तो तिला नाव देईल, अशी तिथली पद्धत. एका वाटेचं नाव होतं 'ग्रॅहमचा गुडघा', कारण ग्रॅहम तिथे पडला होता. आपण दोघींनी सबंध हिवाळा जी वाट खणली, तिला तू मीटिंगमध्ये 'सासूबाई' म्हणालीस. अर्थ विचारला तेव्हा चेहरा जराही न हलवता सांगितलंस, आमच्याकडे आदरणीय स्त्रीला म्हणतात. मी खाली मान घालून वहीत लिहिलं. मग खांबावर रंगवलं. वळणं संपत नाहीत आणि कितीही जपून गेलं तरी शेवटी धक्का देते, ही तुझी खरी व्याख्या फक्त मला ठाऊक होती. गोरी माणसं घामाघूम होऊन यायची आणि एकमेकांना सांगायची की आज सासूबाईने फार छळलं. आपण एकमेकींकडे बघायचोसुद्धा नाही, इतकी सवय झाली होती.

मला त्या जंगलात पहिल्यांदा धीट वाटलं, ते तुझ्यामुळे. आपण सगळ्यांसमोर सगळ्यांबद्दल मराठीत बोलायचो. कॉलिनच्या हातचा चहा त्याच्यासमोर पिताना त्याला भांडी धुतलेलं पाणी म्हणायचो. आपल्या दोघींची तिथे एक खोली होती, तिला दार नव्हतं, तरी कुणी आत येऊ शकत नव्हतं. आठवड्याचे पाच दिवस ऑफिसमध्ये गप्प बसणारी मी, शनिवारी त्या खोलीत बडबड करायचे. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. आणि सगळं वाईट झालं ते त्याच खोलीत झालं.

आता दिशेचं भांडण. ते अर्धं राहिलंय, म्हणून इथे पुरं मांडते.

सासूबाईवर निम्म्या उतारावर एक वळण आहे. तिथे हॉलीचं काटेरी झुडूप इतकं दाट आहे की सहा पावलांपलीकडचं दिसत नाही. खालून चढणारा आणि वरून उतरणारा तिथे समोरासमोर यायचे. मी चार शनिवार त्या वळणावर उभी राहिले आणि कोण कसं थांबलं, कोण झाडीत शिरलं, ते लिहून काढलं. मीटिंगमध्ये बोलता आलं नसतं म्हणून एक पानभर लिहून कॉलिनला दिलं, त्याने ते वाचून दाखवलं. ही वाट फक्त उतरण्यासाठी ठेवावी, एवढंच माझं म्हणणं होतं.

तू विरोधात उभी राहिलीस. चढणाऱ्याचा मान आधी, हे या देशातल्या प्रत्येक सायकलवाल्याला माहीत आहे, म्हणालीस. उतरणाऱ्याने थांबायचं असतं. परत जाताना गाडीत मी म्हणाले, थांबायचं असतं हे खरं, पण त्या वेगात कुणी थांबू शकत नाही.

"तू टेस्टर आहेस. तुला सगळीकडे अपघातच दिसतात."

"तू भूल देणारी डॉक्टर आहेस. तुला तर रोज दिसत असतील."

"म्हणूनच सुट्टीच्या दिवशी बघायचे नसतात मला," तू म्हणालीस. मग स्टेशन जवळ आल्यावर वेगळ्या आवाजात म्हणालीस की उतरताना वाट दिसतच नाही, फक्त पुढचं वळण दिसतं; आपण काय खणलंय ते चढतानाच कळतं. मला ते पटलं होतं. मी सांगितलं नाही.

मतदानात माझा कागद जिंकला. तू विरोधात हात वर केलास आणि निकाल लागल्यावर सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्यास. मी नकाशा बदलला. सासूबाईवर खाली जाणारा एकच बाण काढला आणि कार पार्कमधल्या फळ्यावर तो नकाशा लावला, लोकांना घ्यायला त्याच्या प्रतीही ठेवल्या. खालच्या टोकाला, चौदा नंबरच्या खांबावर, मी रंगवलेली पाटी लागली: ही वाट फक्त उतरण्यासाठी, कृपया इथून चढू नये. कॉलिनने भोकं पाडली, मी स्क्रू पिळले. वहीत दोन सह्या झाल्या, त्याची आणि माझी.

बरोबर एका आठवड्याने, चहाच्या वेळी, ताडपत्रीखाली सगळे दाटीने बसले होते. कॉलिन थर्मासमधून चहा ओतत होता. तू चहाचा मग हातात घेऊन माझ्याशी मराठीत बोललीस. उद्या तू दर रविवारी सायकलवर फिरवायचीस त्या बायका यायच्या होत्या, सहा जणी, सगळ्या नवशिक्या. टेकडीवर जाणारा मोठा रस्ता लाकडाच्या ट्रकांनी उखडलेला, चिखल झालेला. तुला त्यांना सासूबाईवरून वर न्यायचं होतं. पण पाटी बघितली की या इंग्रज बायका एक पाऊल पुढे टाकणार नाहीत, म्हणालीस. तेव्हा ती पाटी काढ.

मी म्हणाले, कॉलिनला विचारूया.

"विचार की. समोरच बसलाय." आणि त्याच्याकडे बघून गोड हसलीस, इंग्रजीत चहाची तारीफ केलीस. तो खूश झाला. तुझ्या मगात आणखी ओतला.

मी म्हणाले, निदान वहीत लिहिते. तू म्हणालीस, "वहीत नको. एका दिवसाचा तर प्रश्न. परत लावायचीच आहे." मग हसत हसत म्हणालीस, "अगं, वाट मी खणली आणि पाटी मलाच?"

पंधरा माणसांसमोर हे सगळं ठरलं आणि एकालाही कळलं नाही. सगळे गेल्यावर मी ती काढली. स्क्रू सँडविचच्या पिशवीत घातले, पिशवी पाटीला चिकटपट्टीने लावली, आणि पाटी तुझ्या डिकीत ठेवली. हरवू नये म्हणून. इतकी मी व्यवस्थित आहे.

रविवारी तुम्ही सात जणी खालून चढत होता तेव्हा मी वरच्या टोकाला उभी राहून प्रत्येक उतरणाऱ्याला थांबवत होते. पाऊण तास. लोकांना मी काय कारणं सांगितली, मला आठवत नाही. अनोळखी माणसांशी इतकं मी आयुष्यात बोलले नव्हते. तुम्ही वर आलात, लाल चेहरे, हसणं, कुणीतरी केक आणलेला. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. "बघ. झालं काही?" मी म्हणाले, आता पाटी लावून टाकूया. तू म्हणालीस, शनिवारी लावू, आज पाय गेलेत.

बुधवारी तुला सुट्टी होती. तू एकटी गेलीस आणि खालून चढलीस. वरून येणारा माणूस त्या जंगलात पहिल्यांदाच आला होता. त्याच्या खिशात माझ्या नकाशाची प्रत होती. त्यावर एकच बाण होता, म्हणून हॉलीच्या वळणावर तो थांबण्याच्या तयारीत नव्हता.

तो तुझ्या अंत्यविधीला आला होता. हात गळ्यात बांधलेला, नवा काळा टाय. आत आला नाही, गुलाबाच्या वाफ्याजवळ उभा राहिला. मला दिसला, कारण मीही बाहेरच होते. आम्ही दोघं वीस पावलांच्या अंतरावर उभे होतो. त्याला जाऊन सांगायला हवं होतं की तुम्ही बरोबर दिशेने येत होता. मी गेले नाही.

मग चौकशी सुरू झाली. या देशात असा मृत्यू झाला की कॉरोनर नावाचा अधिकारी चौकशी करतो, त्याच्याकडून माणसं येऊन विचारतात. खांबावर पाटी नव्हती. कॉलिनने लिहून दिलं की होती, आपण स्वतः लावली. त्याने वही दाखवली, खांबावरची भोकं दाखवली. ग्रुपच्या मीटिंगमध्ये ठरलं की कुणीतरी चोरली असावी. त्याच मीटिंगमध्ये कुणीतरी वाटेला तुझं नाव द्यायचं सुचवलं, आणि एका बाईंनी मला विचारलं की सासूबाई म्हणजे नक्की काय. मी सांगितलं, आदरणीय स्त्री.

रात्रीच्या जेवणाआधी एकदा कॉलिनचा फोन आला. तो कधी फोन करत नाही. त्याच्या बायकोला दोन वर्षांपासून नातवंडांची नावं आठवत नाहीत, हे तुला माहीत होतं. त्याने आधी हवेबद्दल विचारलं. मग म्हणाला की आपण ती पाटी खरंच लावली ना? तू होतीस ना माझ्याबरोबर? मी रोज तो दिवस आठवून बघतो आणि रोज तो जरासा वेगळा आठवतो.

मी म्हणाले, हो, लावली. मी होते. आणि एवढंच म्हणाले. ताई, यासाठी मी तुला माफ करीन की नाही, मला माहीत नाही. मला स्वतःलाही.

दोन दिवसांनी तुझ्या नवऱ्याचा, शिरीषदादांचा, फोन. तुझी गाडी विकायला काढली म्हणून ते डिकी रिकामी करत होते. "मुग्धा, पाटी आमच्या गाडीत आहे," ते म्हणाले. आवाज थरथरत होता, जवळजवळ आनंदाने. त्यांचं म्हणणं असं, की या लोकांनी भोकं पाडून वहीत सह्या ठोकल्या आणि पाटी लावलीच नाही, वर्षाकडे टाकून दिली, जमेल तेव्हा लाव म्हणून. आणि तो म्हातारा खोटं लिहून देतो. त्यांनी वकील गाठला होता. माझी सही वहीत कॉलिनच्या सहीशेजारी होती. ती सही दबावाने झाली, असं मी लिहून द्यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

शनिवारी मी साउथहॅम्प्टनला गेले. जंगलाचं स्टेशन आलं आणि गेलं, मी उतरले नाही. तुझ्या जेवणाच्या टेबलावर कागदांच्या चळती होत्या, आणि मधोमध वर्तमानपत्रावर ती पाटी. स्क्रूंची पिशवी तशीच चिकटवलेली. दादांनी स्वतः चहा केला, फार गोड झाला होता. ते एकटेच बोलत होते. वर्षा कधी नो-पार्किंगच्या डबल येलो लाइनवर गाडी लावायची नाही, म्हणाले. पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. पाटी असती तर ती चढलीच नसती.

हाच प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. तुला नियम माहीत होता. तू मतदानाला होतीस. पाटी तुझ्यासाठी नव्हतीच, नव्या माणसांसाठी होती. तरीही, ती समोर असती, माझ्या हाताने लिहिलेली, तर त्या बुधवारी तू ब्रेक दाबला असतास का?

"पाटी लावली होती, दादा," मी म्हणाले. "मी काढली."

त्यांनी विचारलं, "कॉलिनने काढायला सांगितलं?"

"नाही. ताईने."

"कधी?"

"आदल्या शनिवारी. चहा पिताना."

"सगळ्यांसमोर?"

"हो. मराठीत."

मग मी सगळं सांगितलं, मतदानापासून. तू विरोधात मत दिलंस हे त्यांना ठाऊक नव्हतं. तू घरी फक्त सांगितलं होतंस की मुग्धाने मीटिंग जिंकली, पोरगी बोलायला लागली. हे मला त्यांच्याकडून कळलं. अशा वेळी कळलं. तेवढ्यासाठी मी रडले, बाकी कशासाठी नाही.

दादा पिशवीतले स्क्रू बोटाने चाचपत बसले होते. मग म्हणाले, "वीस वर्षांत मला तिला एकदाही नाही म्हणता आलं नाही. पण ती आमच्या घरातली गोष्ट होती. तुझ्या हातात वही होती, मुग्धा."

ते किचनमध्ये गेले. नळ चालू झाला आणि चालूच राहिला. मी बूट घालून निघाले. त्यानंतर त्यांनी माझा फोन घेतलेला नाही.

कॉलिनला मी स्टेशनवरूनच फोन केला. ऐकून तो म्हणाला, म्हणजे मी लावली होती. दोनदा म्हणाला. मग फोन तसाच धरून बायकोला ओरडून सांगितलं, मी लावली होती, ऐकलंस का. त्याचा आवाज तरुण माणसासारखा झाला होता. मग त्याला एकदम भान आलं, आणि तो माझी माफी मागायला लागला. त्याने माझी माफी मागितली, ताई.

सोमवारी मी कॉरोनरच्या ऑफिसात जबाब दिला. समोरच्या बाई सभ्य होत्या. त्यांनी विचारलं, त्या नेमकं काय म्हणाल्या? मी इंग्रजीत सांगितलं: तिने मला पाटी काढायला सांगितली. बाईंनी लिहून घेतलं. एक सपाट वाक्य. त्यात तुझं हसणं नव्हतं, माझ्या खांद्याला लागलेला तुझा खांदा नव्हता, मराठी ऐकून मला वाटणारी ऊबही नव्हती. कागदावर तू एक हुकूम देणारी बाई झालीस आणि मी तो पाळणारी. मला ते दुरुस्त करायचं होतं. इंग्रजीत कसं, ते सुचलं नाही, आणि खोटंही नव्हतं ते.

शेवटी त्यांनी विचारलं, तुम्ही नकार दिला असता, तर त्यांनी ऐकलं असतं?

मी म्हणाले, माहीत नाही. मी देऊन बघितला नाही.